वाटीला पाय

आमच्या घरात स्वतःला 'हम' म्हणायची पद्धत. शाळेत मराठीतून बोलताना त्याचे 'आम्ही' झाले आणि ते जिभेवर तसेच बसले. पहिलीच्या वर्गात पहिल्या दिवशी आम्ही म्हणालो, "आम्ही तुमच्या बाई." एका पोराने वाकून आमच्या मागे पाहिले आणि विचारले, "बाई, दुसऱ्या कुठायत?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. ही गोष्ट १९८४ सालची. त्यानंतर तुळजापुरातल्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवण्यात आमची बत्तीस वर्षे गेली. या वर्षांत किती मुलांना वाचायला आले, किती पाढ्यांवर अडली, याचा हिशेब शाळेच्या कपाटात कुठेतरी असेल. आम्हांला सांगायचे आहे ते वेळापत्रकातल्या 'कार्यानुभव' नावाच्या तासाबद्दल. गणिताचा धडा मागे पडला की पहिला बळी याच तासाचा जात असे. पण मुलांनी आम्हांला जे काही शिकवले, ते बहुतेक याच तासात.

हजेरीपट उघडला की अर्धे गाव समोर येई. कदम, भोसले, क्षीरसागर यांच्यामध्ये कुंभार, सुतार, लोहार. आणि मग आपली आडनावे: मणियार, अत्तार, पिंजारी, मोमीन, शिकलगार, तांबोळी. आपल्या लोकांची आडनावे वाचणे म्हणजे हुनरांची यादी वाचणे. बांगड्या भरणारा मणियार, कापूस पिंजणारा पिंजारी, मागावर बसणारा मोमीन, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा शिकलगार. नावे राहिली, हुनर बरेचसे गेले. आमच्या वर्गातल्या पिंजाऱ्याच्या मुलाने कापूस पिंजायची धनुकली पाहिली नव्हती आणि मोमिनांच्या मुलीला माग म्हणजे काय ते सांगावे लागले.

दुसऱ्याचे कशाला, आमची नानी मणियारांची लेक. फुटक्या बांगड्यांचे तुकडे ती चिमणीच्या ज्योतीवर धरायची, काच मऊ झाली की वाकवायची आणि एका कडीत दुसरी अडकवत साखळी करायची. अशा साखळ्यांचे तोरण आमच्या दारावर होते. दुपारच्या उन्हात त्याचे हिरवे-तांबडे ठिपके भिंतीवर पडत. ते कसे करतात हे आम्ही नानीला कधी विचारले नाही आणि तिनेही आपणहून शिकवले नाही. पोरीने शिकून नोकरी करावी, काचेत हात घालू नये, असे तिला वाटत असावे. नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी हाती आला तो मुलांकडून कागदाची फुले करून घेण्याचा तास.

सुरुवातीची वर्षे आम्ही तो तास फार वाईट घेतला. प्रदर्शन असायचे, वरचे साहेब यायचे, भिंती सजलेल्या दिसायला हव्यात असे आम्हांला वाटायचे. सहा वर्षांच्या मुलाने कापलेला मोर मोरासारखा दिसत नाही. तो कधी चपलेसारखा दिसतो, कधी ढगासारखा. मग आम्ही रात्री घरी बसून चाळीस मोर कापायचो आणि सकाळी त्यांच्याखाली मुलांची नावे लिहायचो. एका वर्षी एक मुलगा आपल्या आईला बोट धरून प्रदर्शनात घेऊन आला. नावाची चिठ्ठी पाहून आई म्हणाली, "अगं बया, ह्यो तू केलास?" पोरगा सरळपणे म्हणाला, "न्हाई, ह्यो बाईंनी केलाय. माझा पेटीखाली हाय." आणि त्याने खरोखरच वाकून पत्र्याच्या पेटीखालून चुरगळलेला, खळीने बरबटलेला आपला मोर काढून आईच्या हातात दिला. आईने तो पदराने पुसला आणि नीट घडी करून पिशवीत ठेवला. भिंतीवरच्या मोराकडे तिने पुन्हा पाहिलेही नाही. चोरी पकडली गेल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो, तसा त्या दिवशी आमचा झाला होता.

त्यानंतर रात्रीची कापाकापी बंद झाली. पण तेवढ्याने तास सुधारला असे नाही. दुसरा धडा एका कवड्यांच्या माळेने दिला.

तुळजापुरात ओवणे ही नवी गोष्ट नाही. आई भवानीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. माळा, परड्या, कुंकू, बांगड्या, नारळ यांवर महाद्वाराच्या रस्त्यावरची कितीतरी घरे चालतात, आणि त्यांत आपलीही घरे आहेत. नवरात्रात नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून देवीची पालखी येते, पुढे अश्विनी पौर्णिमेला सोलापूरकडून माणसांचे लोंढे पायी येतात. त्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा असे, कारण पोरे दुकानावर. अशाच एका वर्षी, गर्दी ओसरल्यावर, आम्ही चिंचोके रात्रभर भिजवून त्यांना भोके पाडून आणली आणि मुलांना सुतळीत ओवायला दिली. ओवण्याने बोटांची चिमूट तयार होते आणि चिमूट तयार झाली की पेन्सिल नीट धरता येते, हे आम्हांला प्रशिक्षणात सांगितले होते. ते खरेही आहे. सगळी मुले कामाला लागली. एकजण हाताची घडी घालून बसला.

"का रे, येत नाही?"

"येतंय."

"मग?"

त्याने उजव्या हाताचे बोट पुढे केले. टोकाला सुई टोचल्याचे जुने काळे ठिपके होते. "घरी ह्येच करतोय बाई. हितं दुसरं द्या."

"दुसरं काय देऊ?"

त्याने बराच विचार केला. "जे इकायचं नसतंय असं कायतरी."

त्या दिवशी पेटीत दुसरे काही नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही कडब्याची चिपाडे आणली. ज्वारीच्या वाळल्या ताटाची साल सोलली की आत पांढरा, हलका भेंड मिळतो. भेंडाचे तुकडे आणि सालीच्या काड्या एकमेकांत खोचून गाडी होते, बैल होतात, पाळणा होतो. खळ नको, सुई नको, पैसा नको. आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या प्रत्येकाने ही गाडी केली असेल. त्या मुलाने दोन तास लावून एक गाडी केली. तिची चाके फिरत नव्हती. शेजारच्याने ती एका गोटीच्या बदल्यात मागितली तर म्हणाला, "इकायची न्हाई." हे बोलताना तो जितका खूश होता, तितका नंतर पहिला नंबर आल्यावरही दिसला नाही.

ही गोष्ट आम्ही घरी अब्बांना सांगितली. अब्बा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकून मास्तर झालेले आणि १९४८ नंतर मराठी शिकून त्याच नोकरीत राहिलेले. ते म्हणाले, "यावर झाकिर हुसेनसाहेबांनी कधीच विचार करून ठेवलाय." आम्हांला तोवर झाकिर हुसेन म्हणजे हैदराबादेत जन्मलेले, राष्ट्रपतिपदावर असतानाच १९६९ साली वारलेले थोर गृहस्थ एवढेच माहीत. अब्बांनी सांगितले ते असे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षणाची परिषद घेतली. मुलांनी हातांच्या उद्योगातून शिकावे, सूत कातता कातता गणित, भूगोल, इतिहास सगळे यावे, असा विचार मांडला गेला. तो अभ्यासक्रमात उतरवायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन. मुलांच्या हातच्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा अशीही त्यात कल्पना होती. पण समितीने आपल्या अहवालातच बजावून ठेवले होते की कमाईच्या बाजूवर फार जोर दिला तर उद्योग राहील आणि शिक्षण हरवेल.

अब्बा थांबून म्हणाले, "तेरे उस बच्चे ने वहीच बात बोली."

नई तालीमची योजना सात वर्षांपुढच्या मुलांसाठी होती. त्याहून लहानांसाठी भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढले. तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये अनुताई वाघांना सोबत घेऊन तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गावातली बालवाडी सुरू केली आणि पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेल्या. माँटेसरीची महाग साधने खेड्यात परवडणार नाहीत, म्हणून बिया, शंख-शिंपले, पाने, माती, बांबू हीच त्यांनी साधने केली. हे सगळे आम्ही उशिरा वाचले. वाचल्यावर वाटले की आमच्या पत्र्याच्या पेटीला चांगले घराणे आहे.

मग ती पेटी आम्ही मनापासून भरू लागलो. चिंचोके, बालाघाटाच्या डोंगरातल्या सीताफळांच्या बिया, रिकाम्या काड्यापेट्या, जुन्या लग्नपत्रिका, शिंप्याकडच्या चिंध्या. देवीच्या गावात नारळाच्या शेंड्यांना तोटा नाही. त्यांच्या आम्ही मिशा केल्या, बाहुलीचे केस केले, चिमणीचे घरटे केले. भेंडीचे देठ कापून रंगात बुडवले की फुलाचा ठसा उठतो. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली की डिंकाच्या बाटलीचे पैसे वाचतात, फक्त ती दोन दिवसांत आंबते.

क्रमही हळूहळू कळत गेला. कात्री शेवटी. आधी फाडणे, मग ओवणे, मग घडी घालणे, मग मळणे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला कागद फाडायला देणे यासारखा सोपा खेळ नाही. दोन्ही हातांच्या चिमटी उलट दिशेने फिरवाव्या लागतात, आणि सरळ रेषेत फाडता आले म्हणजे हात ताब्यात आला. पण इथेही मुले अडली. हिंदू घरातल्या मुलाला शिकवलेले असते की कागदाला पाय लागला तर नमस्कार करायचा, तिथे सरस्वती असते. आपल्या घरातल्या मुलाला शिकवलेले असते की लिहिलेला कागद रस्त्यात दिसला तर उचलून उंचावर ठेवायचा, त्यावर अल्लाहचे नाव असेल. आणि या दोघांना बाई म्हणतात, फाडा! पहिल्या दिवशी कोणीच फाडेना. मग आम्ही किराणा दुकानातून पुड्या बांधायचा कोरा तांबूस कागद आणला, तेव्हा कुठे वर्गात चर्र चर्र आवाज सुरू झाला. मुलांचा हा अदब पाहून आम्हांला बरे वाटले होते.

कागदाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. दौलताबादहून खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हापासून इथे हातकागद होतो असे सांगतात. हा कागद करणारे कागजी आपलेच लोक. चिंध्या कुजवून, कुटून, पाण्यातून चाळणीवर थर उचलून ते कागद करत. पुण्यातही कसब्यात कागदीपुरा आहे आणि जुन्नरचा कागद तर पेशव्यांच्या दप्तरात गेला. आम्ही हे मुलांना सांगितले आणि वर्गातच जुने कागद भिजवून, कुटून, पिठाच्या चाळणीवर एक जाड, खडबडीत कागद केला. तो वाळल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्यो फाडायचा न्हाई, आपण केलाय." मोहरमला ताबुतावर पतंगी कागदाची जाळी कातरणारे एक गृहस्थ तेव्हा गावात होते. त्यांना आम्ही वर्गात बोलावले. एका कागदाच्या आठ घड्या, चार कातऱ्या, आणि उघडला की चांदण्या! मुले त्यांच्या हाताकडे अशी पाहत होती की तेवढ्या वेळात वर्गात माशीचाही आवाज आला नाही.

पण हात नेहमी चांदण्याच करतात असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी शेजारच्या लातूर जिल्ह्यातली, पण सास्तूर आमच्याच जिल्ह्यातले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर बसली आणि हजारो माणसे गेली. दिवाळीनंतर त्या बाजूचा एक मुलगा नातेवाइकांकडे राहायला आला आणि आमच्या वर्गात बसू लागला. तो कोणाशी बोलत नसे. कार्यानुभवाच्या तासाला मात्र काड्यापेट्या घेई, घर रची, घरावर अंगणातले खडे ठेवी आणि मग बाक हलवी. घर पडे. पुन्हा रची. पहिल्यांदा आम्ही घाबरलो आणि काड्यापेट्या काढून घ्याव्यात असे मनात आले. काढून घेतल्या नाहीत एवढेच आमचे शहाणपण. दहा-बारा दिवसांनी त्याच्या शेजारी दुसरा मुलगा बसला, मग तिसरा. सगळे मिळून रचत, सगळे मिळून पाडत. डिसेंबरात केव्हातरी त्याने चिपाडांचे घर केले, वर कागदाचे छप्पर टाकले आणि आम्हांला हाक मारली. आम्ही ऐकलेले त्याचे ते पहिले वाक्य. "बाई, ह्याच्यावर दगुड न्हाई. पडलं तरी लागत न्हाई."

इतके शिकून झाल्यावर १९९८ साली आम्ही चुकलो. म्हणून हा लेख.

मातीकामाचे दिवस होते. आमच्याकडची काळी माती वाळली की भेगाळते. कुंभाराने सांगितले होते, "चाळलेली राख मिसळा." तशी माती आम्ही केली होती. नवरात्र तोंडावर होते, गावभर देवीच होती, म्हणून बऱ्याच मुलांनी देवी केली. कोणी बैल केला, कोणी ट्रॅक्टर. आपल्या घरातल्या एका सहा वर्षांच्या मुलीने घोडा केला आणि त्यावर एक बाहुली बसवली. आम्ही सगळ्या वस्तू खिडकीच्या फळीवर मांडल्या. प्रदर्शनाची खोड पुरती गेली नव्हती म्हणायची. दुसऱ्या दिवशी एका पोराने घरून कुंकू आणले आणि देवीला लावता लावता ओळीतल्या सगळ्यांनाच लावून टाकले. बैलाला, ट्रॅक्टरला आणि त्या घोड्यावरच्या बाहुलीलाही. पोराच्या मनात काही नव्हते. पण संध्याकाळी मुलीला न्यायला आलेल्या बापाने ते पाहिले.

तो ओरडला असता तर आम्हांला उत्तर सुचले असते. तो हळूच म्हणाला, "बाई, तुम तो अपने हैं. तुमकू तो समझना था." आणि मुलीचा हात धरून गेला.

ती रात्र आम्हांला झोप नव्हती. डिसेंबर १९९२ होऊन सहा वर्षे झाली होती, पण आमच्यासारख्या माणसाची चाल तेव्हापासून बदलली होती. पाय टाकायचा तो आवाज न करता. मुलांनी देवी करू नये असे म्हणावे तर देवीच्या गावात मुसलमान बाईने देवी बंद केली असे होणार. काही बोलू नये तर आपले लोक म्हणणार, बाईंनी पोरांना बुतपरस्ती लावली. तसे म्हणायला खरे तर कोणीच आले नव्हते. एक बाप आला होता आणि तोही हळू बोलला होता. बाकी सगळी भीती आमच्या मनातली.

आम्ही सोपा मार्ग काढला. दोन रांगा केल्या. एका रांगेने माणसे, प्राणी, देव, काय हवे ते करावे. दुसऱ्या रांगेने वाटी, चूल, फळे, पाने करावीत. कारण सांगितले नाही. मुलांना कारण लागत नाही, त्यांना रांग दिसते. तिसऱ्या दिवशी त्यांनी रांगांना नावेही ठेवली: 'बैलवाले' आणि 'वाटीवाले'. चौदा वर्षे जो हजेरीपट आम्ही एका दमात वाचत आलो होतो, त्याचे आमच्याच हाताने दोन कागद झाले. वर्गात भांडण नव्हते, तक्रार नव्हती. काम शांतपणे चालले होते आणि ती शांतता आम्हांला बरी वाटत होती.

दोन आठवड्यांनी वाटीवाल्यांच्या रांगेतून जाताना आम्ही त्या मुलीपाशी थांबलो. तिची वाटी सुबक होती, कड अंगठ्याने सारखी दाबलेली. पण ती जमिनीपासून वर उभी होती. खाली मातीच्या चार गोळ्या चिकटवल्या होत्या.

"हे काय गं?"

"वाटी हाय."

"आणि खाली?"

"पाय."

"वाटीला पाय असतात का?"

तिने बैलवाल्यांच्या रांगेकडे एकदा पाहिले आणि हळू आवाजात म्हणाली, "तिला तिकडं जायचंय."

त्या संध्याकाळी आम्ही अब्बांसमोर बसून सगळे सांगितले. अब्बा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते, डोळे अधू झाले होते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी हजरत आयेशा (र.) यांच्या बाहुल्यांची गोष्ट काढली. ती आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असेल. त्या लहान वयात बाहुल्यांशी खेळत, मैत्रिणी यायच्या, प्रेषित (स.) घरात आले की मैत्रिणी लाजून लपायच्या आणि प्रेषित (स.) त्यांना पुन्हा खेळायला पाठवायचे. एकदा एका मोहिमेवरून परतल्यावर वाऱ्याने पडदा उडाला आणि मागच्या बाहुल्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा दिसला. घोड्याला पंख कसे, असे विचारल्यावर हजरत आयेशा म्हणाल्या की हजरत सुलेमानांचे घोडे पंखांचे होते, हे आपण ऐकले नाही का? आणि प्रेषित (स.) मनापासून हसले.

"तिच्या बापाला हे सांगू?" आम्ही विचारले.

"सांग," अब्बा म्हणाले, "मगर ऊपर बैठके नको बोल. उसके बाजू में बैठ."

त्या बापाचे पंक्चरचे दुकान होते. आम्ही बाकड्यावर त्याच्या शेजारी बसलो. आधी माफी मागितली, ती कुंकवाबद्दल नव्हे, रांगेबद्दल. रांगेचे त्याला माहीतच नव्हते. त्याने हातातली ट्यूब खाली ठेवली. "रांग मैं कब बोला?" तो म्हणाला. आणि खरेच, तो कधी म्हणाला होता? मग आम्ही पंखांच्या घोड्याची गोष्ट सांगितली. ती त्याने ऐकली होती, पण त्याला ती इथे लागू होईल असे वाटले नव्हते. काही उलेमा याबाबतीत सवलत देतात, काही देत नाहीत, हेही तो बोलला आणि आम्ही वाद घातला नाही. शेवटी म्हणाला, "बाई, खिलौना है तो बच्चे के हात में रहने दो. फळी पे सजाके नको रखो."

घरी येताना आमच्या लक्षात आले की शिक्षणाच्या पुस्तकांनीही याहून वेगळे काही सांगितलेले नाही. वस्तू मुलाच्या हातात असते तोवर ती त्याची असते. फळीवर गेली की ती आमची होते, साहेबांची होते, पाहणाऱ्यांची होते. पेटीखालच्या मोरानेही हेच सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही रांगा मोडल्या आणि फळी रिकामी केली. त्यानंतर आमच्या वर्गात मातीची वस्तू मांडली गेली नाही. तास संपला की ज्याने त्याने आपली वस्तू मळून पुन्हा गोळ्यात टाकायची. ज्यांनी देवी केली असेल त्यांनी बादलीत तिचे विसर्जन करायचे, हे मुलांनीच ठरवले. माणूस मातीचा आणि मातीतच जायचा, हे आपणही मानतो, तेही मानतात. पहिल्या दिवशी दोघे-तिघे रडले. मग त्यांना कळले की मोडल्यावर उद्या नवे करता येते. प्रदर्शनाच्या वेळी साहेबांनी विचारले, मातीकाम कुठे आहे? आम्ही म्हणालो, "मुलांच्या हातांत." त्यांना ते पटले नसावे.

इथे गोष्ट संपवली असती तर बरे दिसले असते. पण खरे सांगायचे तर रांगा मोडल्यावरही ती मुलगी वाटीच करत राहिली. आम्ही म्हणालो, "घोडा कर ना, तुझे अब्बा काही म्हणत नाहीत." ती मान हलवायची आणि वाटी करायची. सुबक वाटी, पाय नसलेली. आम्ही घातलेली रांग आम्ही एका दिवसात मोडली. तिच्या हातातून ती केव्हा मोडली, मोडली की नाही, आम्हांला माहीत नाही. पुढच्या जूनमध्ये ते कुटुंब सोलापूरला गेले.

आम्ही २०१६ साली निवृत्त झालो. उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळातून शिकावे असे लिहिले गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने लहानांसाठी खेळणी-बाहुल्यांचा 'जादूई पिटारा' काढला. फार चांगले झाले. पण त्याच वेळी दुकानात तयार 'प्रोजेक्ट' मिळतात. आकाशकंदील, किल्ला, मशीद, मंदिर सगळे कापून, फक्त चिकटवायचे. आया रात्री बसून ते चिकटवतात आणि सकाळी पोराचे नाव लिहितात. त्यांना काय बोलणार? आम्हीही चाळीस मोर कापले आहेत.

आमच्या भगिनींना एवढेच सांगावेसे वाटते. पोराच्या हातात कोरा कागद द्या, मूठभर माती द्या, कडब्याचे एक चिपाड द्या आणि काय कर ते सांगू नका. त्याने जे केले ते चांगले दिसत नसेल तर नीट करू नका. आणि त्याने वाटीला पाय लावले तर हसण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून विचारा, ती कुठे निघाली आहे.

नानीचे तोरण आता नाही. घर पाडले तेव्हा फुटले. काही कड्या आम्ही डब्यात जपून ठेवल्या आहेत. परवा नातीने डबा उघडला, एक कडी उजेडात धरली आणि विचारले, "दादी, हे कसं करतात?" आम्ही म्हणालो, "आम्हांला येत नाही." ती म्हणाली, "मग बघू या ना करून." चिमणी आता घरात नाही. मेणबत्ती आणली आहे, फुटक्या बांगड्या जमवतो आहोत. काचेला हात आम्ही लावणार, कडी कुठे अडकवायची ते ती सांगणार, असे ठरले आहे.